डोळे मिटून केलेला सराव

लांब उडीच्या धावपट्टीवर एक मुलगी उभी आहे. वय पंधरा-सोळा. सोळा पावलांचा रनअप, शेवटी फळी, पुढे वाळू. मी तिला म्हणालो, "आज लगेच उडी मारायची नाही. खुणेवर उभी राहा, डोळे मिट आणि मनातल्या मनात पूर्ण उडी मार. निघताना 'हं' म्हण, वाळूत पडलीस की 'झालं' म्हण." माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. पहिल्या पावलापासून वाळूत पडेपर्यंत तिला एरवी साधारण पाच सेकंद लागायचे. मनातली उडी दोन सेकंदांत आटोपली. परत करायला लावली, परत दोनच.

"काय काय दिसलं?" मी विचारलं.

"धावले आणि वाळूत पडले."

"आणि फळीच्या आधीची चार पावलं?"

ती गप्प झाली. ती पावलं तिच्या चित्रात नव्हतीच. तिची सगळी अडचण मात्र नेमकी त्याच चार पावलांत होती. फळी जवळ आली की ती बिचकायची, पावलं आखूड करायची. कधी पाऊल फळीच्या पुढे पडून फाउल, तर कधी फळीच्या वीतभर अलीकडूनच उडी. जे जमत नव्हतं, तेवढंच मनाने अलगद गाळून टाकलं होतं.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं होत गेलं. खेळाडूने खेळ डोळ्यांसमोर आणणं, ज्याला सगळे व्हिज्युअलायझेशन म्हणतात, हा सरावाचाच एक प्रकार आहे. बाकीच्या सरावासारखा तो चुकीचाही होऊ शकतो, म्हणून तो शिकवावा लागतो, तपासावा लागतो आणि दुरुस्त करावा लागतो. हे काम मैदानावरच्या कोचचं आहे आणि ते अगदी साध्या पातळीवरच्या मुलांपासून सुरू व्हायला हवं. आज तसं होत नाही. एकीकडे "डोळे मिटून कोणी उड्या मारायला शिकतं का?" असं म्हणणारे आहेत. दुसरीकडे "तुम्ही जिंकलेले आहात असं बघा, की जिंकाल" असं सांगत फिरणारे. पहिल्यांना निदान मैदान तरी माहीत असतं. माझं खरं भांडण दुसऱ्यांशी आहे.

पण आधी पहिल्यांना उत्तर देतो, कारण त्यांची शंका रास्त आहे. नुसत्या विचाराने शरीरात काही घडतं का? घडतं. एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास दाखवलं होतं, की माणूस हात वाकवण्याची नुसती कल्पना करतो तेव्हाही त्याच हाताच्या स्नायूंत अगदी बारीक विद्युत हालचाल उमटते. १९९२ मध्ये यू आणि कोल या संशोधकांनी करंगळीवर एक प्रयोग केला. करंगळी बाहेरच्या बाजूला जोराने ढकलायची, एवढाच व्यायाम. चार आठवड्यांनंतर प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ३० टक्के वाढली आणि फक्त जोर लावल्याची कल्पना करणाऱ्यांची २२ टक्के. काहीच न करणाऱ्यांची वाढ चार टक्क्यांच्याही आत राहिली. कल्पना करणाऱ्यांचे स्नायू फुगले नव्हते. स्नायूला हुकूम सोडणाऱ्या मेंदूचाच सराव झाला होता.

त्याहून बोलका प्रयोग आल्वारो पास्कुआल-लिओने यांचा, १९९५ सालचा. पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांची एक सुरावट दिली. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास ती वाजवली. दुसऱ्या गटाने तितकाच वेळ पियानोसमोर बसून, बोटं न हलवता, ती वाजवत असल्याची कल्पना केली. रोज मेंदूचा नकाशा तपासला, तेव्हा बोटं हलवणारा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखाच विस्तारलेला दिसला. वाजवण्यात मात्र फरक होता. कल्पना करणारे पाचव्या दिवशी जिथे पोचले, तिथे खरोखर वाजवणारे तिसऱ्याच दिवशी पोचले होते. पण पुढे कल्पनेवाल्यांना फक्त एकदा दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिलं आणि ते बरोबरीला आले.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना जागेवर आणतो. मनातला सराव प्रत्यक्ष सरावाच्या तोडीचा नाही, दोन दिवस मागेच राहतो. पण वायाही जात नाही. तो जमीन नांगरून ठेवतो, मग प्रत्यक्ष पेरणी पटकन रुजते. फेल्ट्झ आणि लँडर्स यांनी १९८३ मध्ये साठ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि ड्रिस्केल व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आणखी एक. दोन्हींचा कल हाच: काहीच न करण्यापेक्षा मनातला सराव नक्की बरा, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी. दुसऱ्या आढाव्यात आणखी दोन कामाच्या गोष्टी आहेत. एका बैठकीला वीसेक मिनिटं पुरेत, जास्त ताणलं तर फायदा घटत जातो. आणि झालेला परिणाम दिवसांगणिक विरतो, म्हणून अधूनमधून उजळणी लागते. कुठल्याही कोचला हे ओळखीचं वाटेल.

आता प्रेरणेच्या व्याख्यानांत हमखास येणारी एक गोष्ट. बास्केटबॉलचे फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे चेंडू. मुलांचे तीन गट. एकाने रोज सराव केला, एकाने काहीच केलं नाही, एकाने घरी बसून फक्त कल्पना केली. सराव करणारे २४ टक्क्यांनी सुधारले आणि कल्पना करणारे २३ टक्क्यांनी! सभागृहात टाळ्या. मी ज्यांना ज्यांना याचा मूळ शोधनिबंध मागितला, त्यांतल्या एकाकडेही तो नव्हता. फ्री थ्रोवर खरोखर झालेला एक अभ्यास मला माहीत आहे, एल. व्ही. क्लार्क यांचा, १९६० सालचा, शाळकरी मुलांवर केलेला. त्यात संघात खेळणाऱ्या मुलांना मनातल्या सरावाचा फायदा प्रत्यक्ष सरावाच्या जवळपास झाला. नवशिक्यांना मात्र तेवढा झाला नाही. टाळ्यांच्या गोष्टीतून हेच नेमकं गळून जातं. ज्याने चेंडू कधी नीट फेकलेलाच नाही, त्याच्या मनात नीट फेकण्याचं चित्र येणार कुठून? तो चुकीचं कोपर डोळ्यांसमोर आणेल आणि शंभर वेळा तेच घोटेल.

याहूनही मोठं नुकसान होतं ते कशाचं चित्र बघायचं हे चुकीचं सांगितल्याने. "स्वतःला व्यासपीठावर बघा. गळ्यात पदक आहे. लोक तुमचं नाव घेताहेत." मी मुलांच्या शिबिरात हे ऐकलं आहे. सगळी मुलं डोळे मिटून हसत होती आणि मला मनापासून वाईट वाटत होतं. आपल्या भाषेत याला मनाचे मांडे खाणं म्हणतात आणि त्याने पोट भरत नाही हेही आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मनाचं पोट मात्र खोटंखोटं भरतं, घात तिथेच होतो. गॅब्रिएले एटिंगेन यांनी थॉमस वॉडन यांच्याबरोबर वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला होता, तो १९९१ मध्ये छापून आला. आपण सडपातळ झालो आहोत, असं सुखद चित्र ज्या जास्त रंगवायच्या, त्यांच्या वजनातली घट इतरांपेक्षा सरासरी ११ किलोंनी कमी राहिली. १९९९ मधला फाम आणि टेलर यांचा अभ्यास परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांचा आहे. चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज बघणाऱ्यांनी अभ्यासच कमी तास केला आणि गुणही कमी मिळवले. ज्यांनी आपण कसे बसतो, पुस्तक कसं उघडतो, काय वाचतो याचं चित्र बघितलं, त्यांचा अभ्यास लवकर सुरू झाला आणि निकालही सुधारला.

म्हणजे चित्र पायरीचं हवं, कळसाचं नको. लांब उडीवाल्या मुलीने पदक बघू नये असं मी म्हणत नाही. सकाळी अंथरुणातून उठायला ते चित्र उपयोगी पडत असेल तर जरूर बघावं. पण धावपट्टीवर उभं राहिल्यावर तिच्या डोळ्यांसमोर फळीआधीची चार पावलं हवीत. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब, कंबर जराशी खाली, शेवटचं पाऊल झटपट, पूर्ण तळवा फळीवर, नजर समोर. हे चित्र कोणी वक्ता तिला देऊ शकत नाही. तिच्या धावण्याकडे महिनोन् महिने बघणाराच देऊ शकतो.

या मुद्द्यावर मला एक अवघड प्रश्न नेहमी विचारला जातो. चुका आणि संकटं डोळ्यांसमोर आणावीत का? मायकेल फेल्प्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. २००८, बीजिंग ऑलिंपिक, २०० मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी. पाण्यात उडी घेतली आणि गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं. शेवटी शेवटी तर त्याला जवळपास काहीच दिसत नव्हतं. तो हात मोजत पोहत राहिला. एका लांबीला आपले किती स्ट्रोक लागतात हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने भिंतीला हात लावला तेव्हा १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम झाला होता. त्याचे कोच बॉब बोमन त्याला लहानपणापासून रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर शर्यतीची 'टेप' मनात चालवायला सांगत. त्या टेपमध्ये सगळं सुरळीत चाललेली शर्यत असायची, तशीच बिघडलेलीही असायची.

मग दुसरीकडे वुलफोक आणि सहकाऱ्यांचा १९८५ सालचा गोल्फचा अभ्यास काय सांगतो? चेंडू बरोबर खळग्यात पडला असं बघून 'पट', म्हणजे खळग्याकडे चेंडू घरंगळवणारा हलका फटका, मारणारे ३० टक्क्यांनी सुधारले. चेंडू जरासा चुकला असं बघणारे २१ टक्क्यांनी बिघडले. आणि डॅनियल वेग्नर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की "चेंडू खळग्याच्या पुढे जाऊ देऊ नकोस" असं बजावून शिवाय डोक्याला दुसरं काम दिलं, की माणसाचा चेंडू हटकून पुढेच जातो. "पडू नकोस" म्हटलं की मूल पडतं हे प्रत्येक घरात बघितलेलं असतं.

या दोन्हींत मला विरोध दिसत नाही, पण फरक नीट सांगायला हवा. गोल्फवाल्यांचं चित्र चुकेपाशी संपत होतं. फेल्प्सचं चित्र बिघाडापाशी सुरू होऊन भिंतीला हात लागेपर्यंत चालायचं. गॉगल भरला, मग काय? हात मोजायचे. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली, मग काय? चेंडू दोनदा टप्पा देऊन श्वास सोडायचा आणि दुसरी करायची. संकट बघायचंच असेल तर त्यापुढची स्वतःची कृतीही बघायची. माझ्याकडच्या मुलांना मी सांगतो, चूक दिसली तर डोळे उघडू नका, टेप पुढे चालू द्या.

कसं बघायचं याचीही पद्धत आहे आणि ती फार गूढ नाही. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये एक आराखडा मांडला. त्याचं सार हे, की मनातला सराव जितका खऱ्या खेळासारखा तितका उपयोगी. पलंगावर पडून करण्यापेक्षा खेळण्याच्या पवित्र्यात उभं राहून करावा, हातात रॅकेट किंवा पायात स्पाइक्स असावेत, जमलं तर त्याच मैदानावर करावा. भावना असाव्यात, छातीची धडधडही असावी. शक्यतो आपल्याच डोळ्यांतून बघावं. जिमनॅस्टिक्ससारख्या खेळात शरीराचा आकार तपासायचा असेल तेव्हा बाहेरून बघणंही चांगलं. आणि वेग खराच असावा. १९८९ मध्ये डेसेटी आणि झानेरो यांना आढळलं होतं, की समोरच्या खुणेपर्यंत चालत जाण्याची नीट कल्पना केली तर तिला प्रत्यक्ष चालण्याइतकाच वेळ लागतो. माझं स्टॉपवॉच आलं ते तिथूनच. मुलाच्या डोक्यात काय चाललं आहे हे कोचला दिसत नाही, पण त्याला किती वेळ लागला हे मोजता येतं.

बर्फावर स्की करत, खांबांच्या दारांमधून वळत उतरणाऱ्या स्लालमवाल्यांकडे बघा. स्पर्धेच्या मार्गावर आधी स्की करून बघायला त्यांना परवानगी नसते. फक्त मार्गाची पाहणी करायची, दारं बघून ठेवायची. मग वर, सुरुवातीच्या जागी, डोळे मिटून उभे राहतात, तळहात डावी-उजवीकडे झुकवत, गुडघे हलवत एकेक वळण घेतात. लोकांना तो नाच वाटतो. खरं तर ती त्यांची त्या मार्गावरची पहिली फेरी असते.

काही मुलांना मात्र चित्रच दिसत नाही. "डोळे मिटले की काळोख असतो, सर," असं एका मुलाने मला सांगितलं तेव्हा तो टाळतो आहे असं मला वाटलं होतं. ती माझी चूक. काही थोड्या माणसांना मनात चित्र उमटवताच येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी हे १८८० मध्येच नोंदवलं होतं आणि २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी त्याला 'अफँटेशिया' हे नाव दिलं. अशा मुलाला "नीट प्रयत्न कर" म्हणणं हा अन्याय आहे. त्याला चित्राऐवजी स्पर्श विचारावा: पाय जमिनीला लागल्यावर कुठे दाब येतो, खांद्यात काय ताणतं, पावलांचा ठेका कसा वाजतो. त्या मुलाने ठेका तोंडाने म्हणून दाखवला, टक-टक-टटक, आणि तो माझ्या ऐकण्यातला सर्वांत अचूक रनअप होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. खेळण्याच्या वयात माझा घोटा मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. मला सांगितलं गेलं, घरी जा, बरा झालास की ये. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, तेव्हा सगळ्यांना तेच सांगायचे. मी सहा आठवडे भिंतीकडे बघत काढले आणि परतलो तेव्हा पाय बारीक झाला होता. त्याहून वाईट म्हणजे धावण्याचा अंदाजच गेला होता. पावलं कुठे पडतील यावर माझा विश्वास उरला नव्हता. तो परत यायला एक पूर्ण हंगाम गेला.

पुढे कधीतरी लॉरा विल्किन्सनबद्दल वाचलं. अमेरिकेची डायव्हर. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या काही महिने आधी तिच्या पायाची हाडं मोडली. पाण्यात उतरता येत नव्हतं, तर ती प्लास्टर घातलेल्या पायाने प्लॅटफॉर्मवर चढायची आणि तिथे उभी राहून एकेक डाइव्ह मनात मारायची. सिडनीत १० मीटर प्लॅटफॉर्मचं सुवर्णपदक तिचं होतं. ते केवळ कल्पनेमुळे मिळालं, असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. तिच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. पण तिचे ते आठवडे रिकामे गेले नाहीत. २०१४ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात धडधाकट माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. काहीच न करणाऱ्यांची ताकद ४५ टक्के घटली. मनगट जोराने वाकवत असल्याची कल्पना नियमित करणाऱ्यांची २४ टक्केच.

जखमी खेळाडूला घरी पाठवणाऱ्या प्रत्येक कोचने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. त्या मुलाला मैदानाच्या कडेला खुर्ची द्या. बाकीच्यांच्या सरावाच्या वेळी त्याचाही सराव घ्या, स्टॉपवॉच लावून. याला खर्च नाही, यंत्र नाही.

खर्च नाही, हे म्हणतानाच एक धोका मला दिसतो. ज्यांच्या हातात पैसा आणि जागा आहे, ते उद्या म्हणतील, मैदान नाही तर काय झालं, मुलं कल्पना करतील. असं कोणी म्हणालं तर पियानोचा प्रयोग पुढे करावा. शेवटचे दोन तास खऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवल्याशिवाय कल्पनेवाले बरोबरीला आले नव्हते. मनातला सराव मैदानावरून मिळवलेल्या शिदोरीवर चालतो. वाळूचा खड्डाच नसेल तर मुलगी मनात पडणार कशात?

वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना हे सगळं मिळतं, त्यांच्या दिमतीला क्रीडा मानसशास्त्रज्ञ असतात. खालच्या मुलांच्या वाट्याला येतं ते वर्षातून एकदाचं भाषण. ही दरी बुजवायला प्रत्येक शाळेत मानसशास्त्रज्ञ नेमावा लागेल असं मला वाटत नाही. भीती, नैराश्य, खाण्याच्या तक्रारी असतील तिथे तज्ज्ञच हवा, कोचने तिथे हात घालू नये. पण रनअप, सर्व्हिस, डाइव्ह डोळ्यांसमोर आणायला शिकवणं हे तंत्रच आहे आणि तंत्र शिकवणं कोचच्या कामात बसतं. कोचच्या प्रशिक्षणात वॉर्मअप, ताकद, आहार असतो, तसा हा विषय परीक्षेसह असावा. आणि रोजच्या सरावात दहा मिनिटं. शेवटी नकोत, तेव्हा मुलं दमलेली असतात आणि घरी पळायच्या घाईत असतात. एक उडी मनात, एक उडी वाळूत, अशी आलटून-पालटून मधेच हवीत.

त्या मुलीबरोबर मी तसंच करत राहिलो. दोन सेकंदांचे तीन व्हायला आठवडा लागला. मी तिला फक्त शेवटची चार पावलं वेगळी करून बघायला लावली, आधी चालत, मग डोळे मिटून, मग पळत. महिन्याभरात घड्याळ पावणेपाचावर आलं. एका संध्याकाळी ती खुणेवर उभी होती, डोळे मिटलेले, बोटं मांडीवर पावलांचा ठेका धरत होती. 'झालं' म्हणायच्या आधीच तिने डोळे उघडले.

"सर, पाय फळीच्या पुढे पडला."

ती वाकली, आपली खूण उचलून अर्धा फूट मागे ठेवली, आणि परत डोळे मिटले.